साध्या मिनीची ‘कूपर एस’ करावी का? माझं मत: करावी, पण सुरुवात ब्रेकपासून

टेनइंची:

मार्क १ काळातल्या साध्या ऑस्टिन किंवा मॉरिस मिनीवर कूपर एसची, म्हणजे मिनीच्या वेगवान आवृत्तीची, प्रतिकृती उभी केली की ‘खोटी गाडी’ म्हणून नाकं मुरडली जातात. मला ते पटत नाही. १२७५ सीसीची कूपर एस १९६४ ते १९७१ एवढीच बनली आणि आज खरी एस सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली आहे. ज्याला ती गाडी चालवायची आहे, त्याने साध्या मिनीचा आधार घेतला तर बिघडलं कुठे? सगळं एकाच कुळातलं आहे. तेच ए-सिरीज इंजिन, त्याच्या पोटाखाली तोच गियरबॉक्स, तीच सबफ्रेम (इंजिन आणि चाकं धरणारी लोखंडी चौकट) आणि तेच माउंटिंग.

माझा आग्रह आहे तो क्रमाचा. साधी ८५० (सीसीची मिनी) म्हणजे ३४ बीएचपी ताकद आणि ताशी साधारण ११५ किलोमीटर. १२७५ एस म्हणजे ७६ बीएचपी आणि ताशी १५५ च्या आसपास. दुपटीहून जास्त ताकद आधी घातली आणि पुढे ड्रमच ठेवले, तर घाटउतारावर दोन-तीनदा जोरात दाबल्यावर पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून पहिला पैसा पुढच्या ७.५ इंची डिस्कवर घाला.

नुसती डिस्क आणि कॅलिपर आणून हे काम होत नाही. एसचे हब, ड्राइव्ह फ्लँज आणि सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सांधे) असा पूर्ण संच लागतो, कारण ड्रमच्या गाडीचे सीव्ही जॉइंट वेगळे असतात, ते एसच्या हबात चालत नाहीत. हा संच घातला की साधी ३.५ इंची चाकं कॅलिपरला घासतात. एसची भोकांची चाकं त्यासाठीच वेगळ्या ऑफसेटची होती. मागे अंगचा एक इंची स्पेसर असलेले ड्रम घाला, नाहीतर गाडी पुढून रुंद आणि मागून अरुंद राहते. पेडलवरचा जोर वाढवणारा सर्वो एसला कारखान्यातूनच होता, तोही घ्या. मागचे व्हील सिलिंडर आणि प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह मात्र पुढच्या ब्रेकशी जुळवूनच निवडा. मिनीचा मागचा भाग हलका आहे, तिथे दाब जास्त गेला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

दोरीचं दार:

ब्रेकबद्दल एकही शब्द खोडत नाही. आक्षेप मुळावर आहे. खऱ्या एस सांभाळायला लोक आहेत. साधी ८५० कोण सांभाळतं? १९५९ ते १९६७ मधली मूळ अवस्थेतली साधी मिनी शोधायला निघालात तर कळेल. जी सापडते ती लाल रंगाची आणि पांढऱ्या छपराची, पॅडी हॉपकर्कने १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली त्या ३३ ईजेबीसारखी. ती गाडी १०७१ सीसीची एस होती, हे तिची नक्कल करणाऱ्या अनेकांना माहीतसुद्धा नसतं.

मिनीमागचा विचार कळतो तो साध्या गाडीतच. सरकत्या काचा, आत दार उघडायला ताणलेली दोरी, मधोमध एकुलता एक स्पीडोमीटर, आणि पायाजवळून वर येणारा तो लांबलचक, थोडा लटपटणारा गियरचा दांडा. मिनीचे रचनाकार इसिगोनिस यांनी दहा फुटांत चार माणसं बसवली, त्याचा पुरावा या गाडीत आहे. प्रतिकृती करताना सगळ्यात आधी बळी जातो तो हा दांडा. एसचा आखूड रिमोट गियर लिव्हर बसवायला मधला टनेल कापावा लागतो. कार्ब्युरेटर उद्या परत बदलता येतो. कापलेला पत्रा पूर्वीसारखा होत नाही.

टेनइंची:

टनेलचा मुद्दा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. चांगल्या, न कापलेल्या सांगाड्याला हात लावू नये. पण बाजारात येणाऱ्या मिनींपैकी अनेकींचे सिल, फ्लोअरच्या कडा, ए-पॅनल आणि मागची सबफ्रेम जिथे अडकते तो हीलबोर्ड सडलेला असतो. अशा गाडीत निम्मा पत्रा नवाच येणार. तिथे ‘मूळ’ काय उरलं?

दोरीचं दार:

उरतात नंबर, दारं, छप्पर, बिजागऱ्या, आतलं सामान. निम्मा पत्रा बदलूनही साधी ८५० म्हणून ती उभी करता येते, आणि नेमकं तेच कुणी करत नाही, कारण वेल्डिंगचा खर्च दोन्हीकडे सारखा आणि विकताना भाव एसच्या रूपाला जास्त. निर्णय बाजारभावाचा आहे, नाव मात्र गंजाचं घेतलं जातं.

आयडलर गियर:

तुम्ही दोघे सांगाड्यावर भांडताय. प्रतिकृती बहुतेक वेळा फसते ती इंजिनात, तिकडेही बघू.

स्वस्तातला रस्ता म्हणजे एमजी मेट्रो या गाडीचं १२७५ इंजिन. ते ७२ बीएचपी देतं, म्हणजे एसपेक्षा फक्त चार कमी. पण ते ए-प्लस, म्हणजे ए-सिरीजच्या नंतरच्या पिढीचं आहे. मार्क १ च्या रिमोट गियरबॉक्सवर ते बसवताना इंजिनाची ताकद खाली गियरबॉक्सला देणारा प्रायमरी गियर, आयडलर आणि इनपुट गियर हा तिघांचा संच एकाच पिढीचा हवा. ए-प्लसचे दाते वेगळे आहेत. एक जुना आणि दोन नवे अशी मोट बांधली तर मेळच बसत नाही. प्रायमरी गियरचा एंड-फ्लोट (मागे-पुढे सरकायची फट) ३.५ ते ६.५ थाऊ (इंचाचे हजारांश), आयडलरचा ४ ते ७ थाऊ. आयडलरचे थ्रस्ट वॉशर मोजून निवडायचे असतात. केसिंग बदललं की जुने वॉशर चालतील असं धरून चालू नका. फट कमी राहिली तर वॉशर तापून झिजतो, जास्त राहिली तर न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते. क्लचही बघून घ्या. नंतरच्या मेट्रोवर व्हर्टो नावाचा वेगळ्या रचनेचा क्लच असतो, त्याचा फ्लायव्हील जड. एसच्या स्वभावाचं इंजिन हवं असेल तर जुन्या पद्धतीचा फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट घाला.

आणि ८५० चा गियरबॉक्स तसाच ठेवून त्यावर १२७५ बसवू नका. १९६८ आधीच्या खोक्यात पहिल्या गियरला सिंक्रो (गियर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) नाही, गियरही त्या टॉर्कसाठी केलेले नाहीत. फायनल ड्राइव्ह (गियरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर) ३.७६५ आहे, १२७५ एसचा ३.४४४. जुना ठेवला तर हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं.

सगळ्यात घातक भाग म्हणजे डिफरेन्शियलची (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरसंचाची) पिन. वळणात आतलं चाक नुसतंच फिरलं की ती पिन झिजते, आणि ताकद वाढली की ते रोजचंच होतं. मिनीत इंजिन आणि गियरबॉक्स एकच तेल पितात. म्हणजे पिनेचा जो भुगा गाळणीतून निसटेल तो तेलपंपात आणि तिथून क्रँकच्या बेअरिंगला जातो. तेल बदलताना चुंबकाच्या ड्रेन प्लगवर करडी पेस्ट लागली तर चालतं, पण चमकणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा. इंजिन बाहेर काढलेलंच आहे तर चार पिनियनचा क्रॉस-पिन डिफ आताच घाला. नंतर त्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

नऊशेअठ्ठ्याण्णव:

माझा विरोध १२७५ लाच आहे. एसचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७०.६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८१.३. मूळ ८०३ सीसीपासून वाढत आलेल्या ब्लॉकमध्ये एवढा बोअर बसवायला मधले सिलिंडर एकमेकांच्या अंगावर आणले आहेत. त्यामुळे हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) जातं ते बहुतेक दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये. त्यावर लोक १३८० सीसीपर्यंत बोअर वाढवतात, मग तिथे गॅस्केटला टेकायला जागाच राहत नाही. खऱ्या एसच्या हेडचं दुखणं वेगळं. इनलेट व्हॉल्व्ह ३५.७ मिमी आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ३०.९, दोघांच्या मधे लोखंड एवढं कमी की तिथे तडा जातो. जुनं एस हेड घेताना तडा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

याउलट ९९८ बघा. बोअर ६४.६, स्ट्रोक ७६.२, अंगावर मांस भरपूर. साध्या मिनी १००० च्या इंजिनावर १२जी२९५ क्रमांकाचं हेड, दोन एसयू एचएस२ कार्ब्युरेटर, योग्य कॅम आणि पिस्टन. झाली ९९८ कूपर, ५५ बीएचपी. ब्रेक मात्र कूपरचे ७ इंची घेऊ नका, ते तेव्हाही बदनाम होते, थेट एसचे ७.५ घ्या. रस्त्यावर ही गाडी १२७५ पेक्षा गोड फिरते आणि उन्हाळ्यात तापत नाही.

आयडलर गियर:

गोड फिरते हे मान्य. पण चढणीला तिसऱ्यात १२७५ जी ओढ देतं ती ९९८ कधी देणार नाही, आणि लोक एसच्या मागे लागतात ते त्या ओढीसाठीच. बोअर १२९३ सीसीवर थांबवा, ब्लॉकचा आणि हेडचा माथा दोन्ही सपाट करून घ्या, चांगलं गॅस्केट वापरा. एवढं केलं तर दोन-तीनमधलं गॅस्केट टिकतं. तापण्याचं कारण वेगळं आहे. मार्क १ चा रेडिएटर बाजूला, चाकाच्या कमानीला तोंड करून असतो आणि पंखा बॉनेटखालची गरम हवाच त्यातून ढकलतो. जास्त कोअरचा रेडिएटर आणि ग्रिलमागे १३ रांगांचा ऑइल कूलर हा त्याचा इलाज. कूलर एसला १९६६ पासून होताच.

हेड १२जी९४० क्रमांकाचं असेल तर ते तडा गेलेल्या एस हेडपेक्षा बरं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट मात्र बसवून घ्या. आजच्या शिसं नसलेल्या पेट्रोलवर मूळ सीट खचतात आणि टॅपेटची फट हळूहळू मिटत जाते. आवाज येत नाही म्हणून लक्षातही येत नाही.

पाटी आणि शिक्का:

तुम्ही सगळे यंत्रावर बोलता. भांडणाचं खरं कारण कागद आहे. प्रतिकृती करण्याला माझा विरोध नाही, ती एस म्हणून विकण्याला आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेल्यावर तेच होतं. ऑस्टिनच्या मार्क १ कूपरचा चासी नंबर सी-ए२एस७ ने सुरू होतो, मॉरिसचा के-ए२एस४ ने. साध्या गाडीचा ए-ए२एस७ किंवा एम-ए२एस४. पाटी दोन रिव्हेटवर असते, ती बदलायला पाच मिनिटं पुरतात. १२७५ एसच्या इंजिनाचा क्रमांक ९एफ ने सुरू होतो आणि तोही धातूच्या पट्टीवर असतो, म्हणून एकट्या पट्टीवर भरवसा नको. हेडकडे बघा. एसला अकरा जागी आवळलेलं असतं, बाकीच्यांना नऊ. तेही पुरेसं नाही, कारण १२जी९४० ला दोन जादा भोकं पाडून घेता येतात. ब्लॉकच्या मागे, मॅनिफोल्डखाली टॅपेटची झाकणं चाचपून बघा. एसच्या ब्लॉकला ती आहेत, १२७५ जीटी या नंतरच्या मिनीच्या ब्लॉकला नाहीत.

इंग्लंडमधल्या गाडीसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवता येतं. कारखान्यातून गाडी कोणत्या रूपात निघाली ते त्यात येतं. विकणारा ते दाखवत नसेल तर किंमत प्रतिकृतीची द्या. आणि प्रतिकृती करणाऱ्याने मूळ पाटी जागेवर ठेवावी, नोंदणीत इंजिनाचा नवा क्रमांक आणि सीसी लिहून घ्यावेत.

दोरीचं दार:

हेच आणखी पुढे न्या. काढलेला प्रत्येक भाग, ८५० चं इंजिन, लांब दांड्याचा गियरबॉक्स, ड्रम, चाकं, एकच कार्ब्युरेटर, पेटीत भरून गाडीबरोबर द्यायचा. टनेल कापला तर कापलेला तुकडासुद्धा. एवढं कोण करतं?

टेनइंची:

फार कमी जण, आणि ते चूक आहे. इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. एक भर: उजवीकडची दुसरी टाकी. १९६६ पासून एसला दोन टाक्या, प्रत्येकी साडेपाच गॅलनच्या. प्रतिकृतीत दुसरी टाकी दिसण्यासाठी घालतात आणि जोडनळी जुन्या रबराची ठेवतात. ती डिकीत गळते. रबर नवं, क्लिप नव्या, आणि नळी बॅटरीच्या केबलला घासणार नाही अशी.

आणि सस्पेन्शन. १९६४ च्या शेवटापासून एस हायड्रोलास्टिकवर (द्रव भरलेल्या सस्पेन्शनवर) होती. रबर कोनच्या गाडीत ते आणायचं तर दोन्ही सबफ्रेम बदलाव्या लागतात, पाइप टाकावे लागतात. ते करू नका. रबर कोन नवे घाला आणि विचारणाऱ्याला तसं सांगा.

पासिंगवाला:

मुंबई-पुण्यात हे वाचून कुणी कामाला लागण्याआधी कायदा बघावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी बदलता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. उलटा क्रम केला तर आरसीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत नाही, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरं म्हणजे २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असायला हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आपल्याकडे असलेल्या मोजक्या जुन्या मिनींपैकी एखादी एस केली तर तिला ही नोंदणी मिळणं अवघड.

नऊशेअठ्ठ्याण्णव:

मग भारतातल्या गाडीला ब्रेक, नवे रबर कोन आणि चांगला रेडिएटर एवढंच करावं, इंजिनाला हात लावू नये. ब्रेकसाठी तरी परवानगी मिळते का?

पासिंगवाला:

काम सुरू करण्याआधी लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी ‘चालतं’ म्हणणाऱ्या एजंटच्या भरवशावर ड्रम उतरवू नका.