गिटारवर पाठ असलेल्या लिक्स (छोटे तयार स्वरसमूह) जोडून सोलो (एकट्याने वाजवायचा भाग) कसा बांधावा?

प्रश्न
ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलच्या, पाचव्या फ्रेटवरील (गिटारच्या दांड्यावरील पाचव्या घरातील) चौकटीत मी दहा-बारा लिक्स पाठ केल्या आहेत. सुट्या वाजवल्या की त्या बऱ्या वाटतात. पण ए मधल्या बारा बारच्या (प्रत्येकी चार मात्रांच्या बारा आवर्तनांच्या) ब्लूजवर ओळीने वाजवू लागलो की पाढे म्हटल्यासारखे होते आणि पाचव्या बारपर्यंत साठा संपतो. आणखी लिक्स शिकाव्यात का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
नवीन लिक्स तूर्तास नकोत; आहेत त्यांपैकी तीन ठेवाव्यात. बारा बार म्हणजे चार-चार बारच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत पहिले दोन बार वाजवावे आणि पुढचे दोन जवळजवळ मोकळे सोडावेत. ४८ मात्रांपैकी निम्म्या अशाच सुटतात, त्यामुळे साठा संपण्याचा प्रश्न उरत नाही. पहिल्या ओळीतली लिक दुसऱ्या ओळीत तशीच पुन्हा घ्यावी आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यावे. ब्लूजच्या गाण्यांत शब्दांची रचनाही बहुधा अशीच असते.

उदाहरणार्थ, तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट, मग पाचवा आणि शेवटी चौथ्या तारेचा सातवा, म्हणजे डी, सी, ए. ही लिक ए कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) घरी येते, म्हणजे मूळ स्वरावर विसावते. पाचव्या बारला डी कॉर्ड आली तरी ए हा स्वर तिच्यातही असल्याने बोटे न बदलता तीच लिक चालते, आणि खालची कॉर्ड बदलल्यामुळे ती वेगळी भासते. नवव्या बारला ई कॉर्डवर मात्र शेवट पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे ई वर, करावा. लिक कुठे सुरू होते याला मी फारसे महत्त्व देत नाही. ती कुठे थांबते, यावर जोड बसतो.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण पाढ्यांचे खरे कारण मला लयीत दिसते. बहुतेक जण प्रत्येक लिक पहिल्या मात्रेवरच सुरू करतात. तीच लिक दुसऱ्या मात्रेनंतर उचलून पाहावी. वाजवण्याआधी ती तोंडाने गुणगुणावी. जिथे श्वास घ्यावा लागतो, तिथे बोटांनीही थांबावे.

प्रश्नकर्ता
दोन्ही करून पाहिले, बराच फरक पडला. मात्र ए सेव्हन कॉर्डवर (ए कॉर्डच्या ब्लूजमधील रूपावर) सी स्वर लांबवला की खटकतो. तो गाळावा का?

प्रतिसाद १
गाळू नये. ए सेव्हनमध्ये सी शार्प (सीपेक्षा अर्धा सूर वरचा स्वर) आहे, म्हणून साधा सी त्याला घासतो. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तार किंचित ओढून स्वर पाव सूर चढवावा, किंवा पाचव्यावरून सहाव्यावर हॅमर-ऑन करावे (तार पुन्हा न छेडता दुसरे बोट आपटून पुढचा स्वर काढावा). डी सेव्हनवर मात्र सी तिचा स्वतःचाच स्वर आहे, तिथे तो हवा तितका लांबवावा.