शब्दचर्चा : बुतो, बुटोह की 'अंधाराचं नृत्य'?

जपानच्या नव्या पिढीच्या नृत्यकारांवर मराठीत काही लिहायला बसलं की दोन-तीन शब्द सुरुवातीलाच पाय अडवतात. 1959च्या सुमारास टोकियोत सुरू झालेल्या एका नृत्यप्रकाराला कुणी 'बुटोह' लिहितं, कुणी 'बुतोह', कुणी थेट 'अंधाराचं नृत्य' करून मोकळं होतं. ज्याला काहीच नाव सापडत नाही ते 'समकालीन जपानी नृत्य'. मला हे नीट लावून घ्यायचं आहे, कारण या नृत्यात कोण स्वतःला काय म्हणवतं यावर बरंच अवलंबून आहे. आपण भलताच शब्द चिकटवला तर त्या कलाकाराची अर्धी भूमिका पुसली जाते.

आधी लेखन. रोमन लिपीत शेवटी येणारा 'एच' उच्चारासाठी नाहीच. आधीचा ओ लांबवायचा, एवढीच ती खूण. ओनो काझुओ या थोर नर्तकाच्या आडनावातही रोमनमध्ये असाच 'एच' घुसवतात, पण आपण त्याला 'ओह्नो' म्हणत नाही. मराठीत ओ मुळातच दीर्घ, म्हणून 'बुतो' पुरे. आणि त, ट नव्हे. 'टोकियो'मधला ट इंग्रजीच्या वाटेने आला आणि रुळला, त्याला आता हात लावण्यात अर्थ नाही. बुतो मात्र मराठीत अजून रुळायचा आहे, तोवर त धरून ठेवता येईल.

आता अर्थ. शब्दात दोन चित्राक्षरं आहेत. 'बु' म्हणजे नृत्य, त्यातही पाय जमिनीलगत ठेवून, वळत-फिरत केलेलं. नो या जपानच्या पारंपरिक मुखवटा-नाट्यातल्या नृत्याला हेच अक्षर लागतं. 'तो' म्हणजे पाऊल टाकणं, तुडवणं. एवढं वाचून आपल्याला वाटेल, वा, मातीचा शब्द! पण जपानी कानाला तो तसा लागत नव्हता. मेजी काळात (1868–1912) 'बुतोकाइ' म्हणजे विलायती पद्धतीची नाचाची मेजवानी. टोकियोत 1883 साली रोकुमेइकान नावाची इमारत बांधली, तिथे सरकारी अधिकारी आणि त्यांच्या बायका पाश्चात्त्य पोशाख करून वॉल्ट्झ नाचायच्या, ते बुतो. नृत्याला प्रतिष्ठित शब्द होता 'बुयो'. 1904 साली त्सुबोउचि शोयो यांनी नव्या संगीतनाट्यावरच्या निबंधात तो वापरला आणि तो सर्वमान्य झाला. 'निहोन बुयो' म्हणजे जपानी शास्त्रीय नृत्य, यातला तोच.

बुतोचे जनक हिजिकाता तात्सुमि (1928–1986) यांनी सुरुवातीला आपल्या नाचाला 'आन्कोकु बुयो' म्हटलं आणि पुढे बुयो टाकून 'बुतो' घेतलं. म्हणजे सभ्य शब्द सोडला आणि परक्यांच्या नाचाचा, जुनाट वास येणारा शब्द उचलला. 'आन्कोकु' म्हणजे काळाकुट्ट अंधार, पण 'आन्कोकुगाइ' म्हणजे गुन्हेगारांची वस्ती, तेव्हाच्या गुंडपटांच्या जाहिरातींत दिसणारा शब्द. 'अंधाराचं नृत्य' म्हटलं की मराठीत एकदम कविता होते, संध्याकाळ, हुरहूर वगैरे. मूळ शब्दात हुरहूर नाही, त्यात गल्लीतली दहशत आहे. 24 मे 1959 रोजी टोकियोत हिजिकातांचा 'किंजिकि' हा छोटा प्रयोग झाला. ओनो काझुओंचा तरुण मुलगा योशितो, त्याच्या मांड्यांमध्ये जिवंत कोंबडी, हिजिकाता त्याच्या मागे, आणि बराचसा खेळ अंधारात, प्रेक्षकांना फक्त कानांनी कळणारा. हा अंधार 'काळोख' या हळव्या शब्दात मावत नाही.

माझं मत: नाव 'बुतो' असंच ठेवावं, भाषांतर करू नये. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद:
ताई, 'बुतो'ला माझी हरकत नाही, पण वाचकाला काही तरी हातात द्यायला हवं की नाही? 'तांडव' म्हणून बघा. विनाश, मृत्यू, राख फासलेलं अंग, सगळं जुळतं. आणि मी आजवर जे व्हिडिओ पाहिले त्यांत पांढरा रंग फासून अतिशय सावकाश चालणं एवढंच दिसलं. तीच बुतोची व्याख्या नव्हे का?

धागाकर्ती:
तांडव नको. तांडवात देव नाचतो, आवेग बाहेर फेकला जातो, आणि त्याला लास्याची जोड असते. हिजिकातांची बुतोची व्याख्या प्रसिद्ध आहे: जिवावर उदार होऊन खांबासारखं उभं राहिलेलं प्रेत. यात उसळी नाही. उभं राहणं हीच मुळात अवघड गोष्ट आहे, इथून ते सुरुवात करतात.

ते उत्तर जपानातल्या आकिता प्रांतातले. 1985च्या एका व्याख्यानात त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांबद्दल सांगितलं होतं. आईबाप शेतात राबायचे आणि तान्ह्याला 'इझुमे' नावाच्या गवती टोपलीत घट्ट बसवून बांधाजवळ दिवसभर ठेवायचे. पोर रडून रडून थकायचं. संध्याकाळी बाहेर काढलं तर घडी घातलेले पाय सरळच होत नसत. बुतोतली गुडघ्यांत वाकलेली, फेंगडी चाल कुठून येते हे त्यावरून कळतं. बॅले वर उडी मारतं, हे जमिनीकडे मिटत जातं.

पांढरा रंग ('शिरोनुरि') ही अनेक बुतोकारांची खूण आहे, पण व्याख्या नव्हे. जगभर गाजलेल्या सांकाइ जुकु या मंडळीमुळे (स्थापना 1975, आमागात्सु उशिओ यांची) तो रंग आणि ती संथ चाल बाहेरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत बसली. कासाइ आकिरा यांचं बुतो बघा, कितीदा वेगवान असतं.

प्रतिसाद:
व्याख्यानाचा उल्लेख आलाच आहे तर विचारते. त्यात म्हणे 'सुइजाकुताइ' असा शब्द आहे. त्याला मी 'कुडी' सुचवीन. 'कुडीत प्राण आहे तोवर' म्हणतो ना आपण, तेव्हा देह आधीच थकलेला असतो.

धागाकर्ती:
किती नेमका शब्द दिलात! सुइजाकुताइ म्हणजे खंगलेला, झिजलेला देह. 'अशक्त शरीर' लिहिलं तर दवाखान्यातला कागद वाटतो. कुडीत झीज आहे, मायाही आहे.

मात्र सगळीकडे कुडी चालणार नाही. जपानीत देहाला दोन शब्द आहेत आणि बुतोचा इतिहास त्या दोन शब्दांत विभागलेला आहे. एक 'निकुताइ', यातला 'निकु' म्हणजे मांस. युद्धानंतरच्या उपासमारीच्या, काळ्या बाजाराच्या वर्षांत हा शब्द साहित्यात उसळून आला. हिजिकातांच्या 1968च्या एकल प्रयोगाच्या नावातही तोच आहे, 'निकुताइ नो हान्रान', म्हणजे निकुताइचं बंड. दुसरा 'शिन्ताइ', जो आज अभ्यासक आणि तरुण नृत्यकार सर्रास वापरतात. तो थंड, तटस्थ आहे. शिन्ताइला 'शरीर' ठीक. निकुताइला मी 'हाडामांसाचा देह' म्हणेन. कुडी धरून मराठीत देहाला तीन शब्द होतात, होऊ देत. एखाद्या तरुण नृत्यकाराच्या निवेदनाचं भाषांतर करताना तिने यांतला कोणता शब्द घेतला आहे हे आधी पाहावं, त्यावरून ती कुठे उभी आहे ते कळतं.

प्रतिसाद:
'समकालीन नृत्य' राहिलं. काळाने समकालीन असलेलं सगळंच समकालीन, मग वेगळं नाव कशाला?

धागाकर्ती:
जपान्यांनाही हीच अडचण आली आणि त्यांनी ती मजेशीर रीतीने सोडवली. शब्दशः 'आजचं नृत्य' असा अर्थ असलेला 'गेन्दाइ बुयो' हा शब्द त्यांच्याकडे आधीच होता. पण तो युद्धापूर्वी जर्मनीहून आलेल्या आणि गुरु-शिष्यांनी चालवलेल्या मॉडर्न डान्सच्या परंपरेला लागून गेला. त्यामुळे नंतर आलेल्यांनी परका शब्दच घेतला, 'कोन्तेम्पोरारि दान्सु', आणि बोलताना नुसतं 'कोन्ते'. म्हणजे अर्थ तोच असलेले दोन शब्द, एक देशी आणि एक उसना, आणि दोन वेगळी घराणी. मराठीत 'आधुनिक नृत्य' पहिल्याला आणि 'समकालीन नृत्य' दुसऱ्याला, असा भेद पाळता येईल. मात्र बुतोला 'समकालीन नृत्याचा एक प्रकार' लिहू नये. ते समकालीनच्या आधीचं आहे. अनेक तरुणांच्या बाबतीत दोन्हींची सरमिसळ होते, तिथे 'बुतोच्या वळणाचं' किंवा 'बुतोतून आलेलं' असं साधं मराठी वापरावं.

प्रतिसाद:
कोरिओग्राफरला काय? 'नृत्यदिग्दर्शक' म्हटलं की मला चित्रपटातलं गाणं आणि मागे चाळीस जण दिसतात.

धागाकर्ती:
मलाही. 'नृत्यरचनाकार' बरा आहे. पण क्रियापद आपल्याकडे अस्सल आहे: नाच बसवणे. जपानीत कोरिओग्राफी म्हणजे 'फुरित्सुके'. 'फुरि' म्हणजे हावभाव, अंगविक्षेप, आणि 'त्सुके' म्हणजे लावणं, चढवणं. हालचाल दुसऱ्याच्या अंगावर लावून द्यायची. आपलं 'बसवणं' याच्या किती जवळ आहे! नाटक बसवतो, नाच बसवतो, अंगात बसेपर्यंत.

बुतोत बसवायची रीत वेगळी आहे म्हणून सांगते. हिजिकाता हात इकडे, पाय तिकडे असं सांगत नसत. ते शब्द देत. शिष्य ते वहीत उतरवून घेत, त्यांना 'बुतो-फु' म्हणतात. 'फु' म्हणजे स्वरलिपीतली लिपी. त्यातली किड्यांची चाल फार प्रसिद्ध आहे. हाताच्या बोटांवर एक किडा आहे. मानेवरून दुसरा खाली उतरतो आहे. आणखी एक मांडीच्या आतून वर येतो. किडे वाढत जातात, त्वचेतून आत शिरतात, आतड्यांत पोचतात, आणि शेवटी आत खायला काही उरत नाही. नर्तकाने हे 'दाखवायचं' नसतं, किडे खरंच चालू द्यायचे असतात. मग जे अंग हलतं ती रचना. हिजिकातांच्या चिकटवह्यांत पाश्चात्त्य चित्रकारांची कापून लावलेली चित्रं आणि त्यांखाली अशा ओळी आहेत. टोकियोतल्या केइओ विद्यापीठाच्या कला केंद्रात त्यांचा संग्रह जपला आहे. म्हणून 'बुतो-फु'ला 'नृत्यलिपी' म्हणणं अपुरं आहे. त्यात पावलांच्या खुणा नाहीत, भाषा आहे. 'बुतोची वही' म्हटलं तर?

प्रतिसाद:
'बुतोची वही' छान. पण धाग्याचा विषय नवे लोक होता ना? हिजिकाता जाऊन चाळीसेक वर्षं झाली. आज कुणाला बुतोकार म्हणायचं?

धागाकर्ती:
बरोबर. माझा निकष एकच: वंश किंवा दावा. म्हणजे कुणाकडे शिकले, किंवा स्वतः काय म्हणतात. दिसण्यावरून ठरवू नये.

वंशाचं उदाहरण दाइराकुदाकान. हिजिकातांकडे शिकलेल्या मारो आकाजि यांनी 1972 साली ही मंडळी काढली. या जगात जन्माला येणं हीच मोठी प्रतिभा, असं त्यांचं सूत्र. आणि दुसरं, 'इचिनिन इप्पा', ज्याला मी 'जितके नर्तक तितकी घराणी' म्हणेन. टोकियोच्या किचिजोजि भागातल्या कोचुतेन या त्यांच्या स्टुडिओत 2001पासून मंडळीतले तरुण स्वतःच्या रचना बसवतात. आगात्सुमा एमिको यांची 'निकु नो उता' तिथलीच. नावात पुन्हा निकु, मांस, 'मांसाचं गाणं'. हे निःसंशय बुतो, आणि तरी मारोंची नक्कल नाही. मुख्य नृत्यकार हयात असताना शिष्यांना स्वतःच्या नावाने रचना करायला जागा देणं हे आपल्याकडच्या गुरुकुलांनी आवर्जून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

उलट, सेकि काओरि. 2012 साली त्यांना टोयोटा कोरिओग्राफी पुरस्कार मिळाला. श्वासाइतक्या संथ हालचाली, माणूस की प्राणी हे कळू नये अशी अंगं, आणि रंगमंचावर सुगंधाचाही वापर. पाहणारा लगेच 'बुतो' म्हणून मोकळा होईल. पण संथपणा ही कुणाची मालकी नाही. तिथे 'समकालीन'च लिहावं आणि वर्णन नीट करावं. उमेदा हिरोआकि (जन्म 1977) तर छायाचित्रणाच्या अभ्यासाकडून नाचाकडे वळले; प्रकाश, आवाज आणि थरथरणारं एकच शरीर. त्यांना बुतोच्या यादीत ओढणं म्हणजे जपानी आहे म्हणून बुतो, इतका तो प्रकार ढोबळ आहे.

तिसरी बाजू कावागुचि ताकाओ यांची. ते नवोदित नाहीत, पण वंश नसताना बुतोकडे कसं जावं हे नव्यांना त्यांनी दाखवलं. 2013च्या 'ओनो काझुओबद्दल' या प्रयोगात त्यांनी ओनोंच्या ध्वनिचित्रफिती पाहून हालचाली जशाच्या तशा उचलल्या. ओनोंना प्रत्यक्ष नाचताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ओनो सत्तरीत 'ला आर्हेन्तिना' नाचले (1977), आणि तेही 1929 साली पाहिलेल्या एका स्पॅनिश नर्तिकेच्या आठवणीवर. थकलेल्या बोटांचं कापणं, तोल जाता जाता सावरणं, हे सगळं कावागुचींनी मोजून उतरवलं. याला तिकडे 'कान्कोपि' म्हणतात, हुबेहूब उतरवणं. बुतो आतूनच यायला हवं अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना हे बोचलं असणार. माझ्या मते ही गेल्या काही वर्षांतली बुतोबद्दलची सर्वांत प्रामाणिक चर्चा आहे, आणि तीही शब्द न वापरता.

'नवोदित' विषयी एवढंच: योकोहामा डान्स कलेक्शन ही 1996पासून चालणारी स्पर्धा, तिच्यात नव्या नृत्यकारांचा वेगळा विभाग असतो, त्याला 'शिन्जिन' म्हणतात, 'नवा माणूस'. तिथे 'नवोदित' चपखल बसतो. पस्तिशीतल्या, चार रचना नावावर असलेल्या कलाकाराला मात्र 'तरुण' म्हणा.

प्रतिसाद:
शेवटचं एक. 'तो बुतो', 'ती बुतो' की 'ते बुतो'?

धागाकर्ती:
ते बुतो. कथक, भरतनाट्यम यांच्यासारखं नपुंसकलिंगी. 'बुतो केलं', 'बुतोतली चाल', 'बुतोचा प्रयोग'. नर्तकाला जपानीत 'बुतोका' म्हणतात. वर मी लिहिताना 'बुतोकार' आपोआप आला, कीर्तनकारासारखा, आणि तो मला आवडला. 'बुतो नाचणे' टाळावं, 'बुतो करणे' म्हणावं. नाचण्यात जी उडी आहे ती इथे नसते. आणि नावं जपानी क्रमाने, आडनाव आधी: हिजिकाता तात्सुमि, ओनो काझुओ. वर मी तशीच लिहिली आहेत.