मेहदीचे झटके आणि आमचं प्रॅक्टिकल (ऑनलाइन चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तापकीर गल्ली
डिप्लोमाला असताना ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारं सर्किट, मी चार वेळा काढला: जर्नलमध्ये, टेस्टला, व्हायवाच्या आदल्या रात्री आणि परीक्षेत. पण त्यात चार डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) कशाला लागतात, हे कळलं मेहदी सदागदारमुळे. तोच तो, यूट्यूबवरचा 'इलेक्ट्रोबूम'वाला. मूळचा इराणी, राहतो कॅनडात. जोडभुवयांचा हा बाबा सतत काहीतरी फोडतो आणि 'फुल ब्रिज रेक्टिफायर!' असं बेंबीच्या देठापासून ओरडतो. विदूषक वाटतो, पण रीतसर शिकलेला विद्युत अभियंता आहे. सिडनीचा डेव्ह जोन्सही तसाच, २००९ पासून 'ईईव्हीब्लॉग' हा इलेक्ट्रॉनिक्सचा व्हिडिओ ब्लॉग चालवतोय. ही मंडळी चुकीची जोडणी मुद्दाम करून दाखवतात. आमच्याकडे जोडणी चुकली की लॅबबाहेर काढायचे. मला तरी मास्तर म्हणून हेच बरे वाटतात.

व्हायवा मास्तर
लॅबबाहेर मीही काढतो. पॉलिटेक्निकला वीस वर्षं झाली, कारण ऐका. गेल्या टर्मला एका पोराने मल्टिमीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात तशीच ठेवून प्रोब थेट सॉकेटमध्ये घातले. त्या भोकातून मीटरचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे फेज-न्यूट्रल शॉर्टच. मीटर स्वस्तातला, त्या बाजूला फ्यूजही नाही. ठ्ठो! प्रोबच्या टोकाची गोळी झाली, पोरगं नशिबाने वाचलं. वर मला म्हणतो, "सर, व्हिडिओत तर तो झटका बसला तरी हसतो." अरे बाबा, तो १२० व्होल्टच्या देशात हसतो, आणि त्याचे बरेचसे झटके ठरवून घेतलेले असतात. आपले २३० रेक्टिफाय करून कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, घेतले की सव्वातीनशे व्होल्ट डीसी, आणि प्लग काढला तरी ते तिथेच दबा धरून बसलेले असतात.

तापकीर गल्ली
सर, मग त्या पोराला १० अँपियरच्या भोकाबद्दल आधी कोणी सांगितलं होतं का? डेव्ह जोन्स स्वस्त मीटर उघडून फ्यूज कुठे मारून नेलाय ते दाखवतो. मी पुण्यातल्या बुधवार पेठेत मीटर घेताना दुकानदाराला मागचं झाकण उघडायला लावलं, तेव्हा तो माझ्याकडे आयकरवाला आल्यासारखा बघत होता.

रोधक ९००
माझा आक्षेप झटक्यांना नाही, अर्धवट पाठीराख्यांना आहे. २०१८ चा वाद आठवा. एमआयटीचे वॉल्टर लेविन वर्गात एक प्रयोग करायचे. १०० आणि ९०० ओहमचे दोन रोध जोडून एक वेढा करायचा आणि मधून बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडायचं. वेढ्यात १ व्होल्ट तयार होतो. आता त्याच दोन बिंदूंना दोन बाजूंनी दोन मीटर लावले, तर एक ०.९ दाखवतो आणि दुसरा ०.१, तोही उलट्या चिन्हाचा. लेविन म्हणाले, इथे किर्चहॉफचा व्होल्टेजचा नियम (बंद वेढ्यातल्या व्होल्टेजची बेरीज शून्य) चालत नाही. मेहदी म्हणाला, चालतो, मोजताना तुमच्या मीटरच्या वायरीच त्या क्षेत्रात वेढा करतात. दोघांचं म्हणणं नीट समजायला फॅरेडेचा नियम (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने व्होल्टेज तयार होतं) हवा, कागद-पेन्सिल हवी. आमच्या पोरांनी काय केलं? भारत-पाक मॅचसारखे गट पाडले. सर्किट एकानेही जोडलं नाही.

तापकीर गल्ली
मी जोडलं! ०.९ काही आलं नाही, पण दोन मीटर वेगवेगळं दाखवतात हे डोळ्यांनी पाहिलं. आमच्या वर्गात किर्चहॉफवर असा वाद झाल्याचं आठवत नाही. 'बेरीज शून्य, लिहून घ्या' एवढंच.

घरबसल्या गेट
एनपीटेल, आयआयटीवाल्यांची ऑनलाइन लेक्चरं, कोणालाच आठवत नाहीत का? आयआयटी मुंबईच्या एम. बी. पाटील सरांचं बेसिक इलेक्ट्रॉनिक्स बघा. आरडाओरडा नाही, धूर नाही, एकही पायरी गाळलेली नाही.

रोधक ९००
बघितलंय. उत्तम आहे. तिसऱ्या लेक्चरला झोपलो, तो दोष माझा.

तापकीर गल्ली
मास्तर सर, सुरक्षेचंच म्हणाल तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, आपला सीआरओ) कसा उडवू नये, यावर डेव्हचा अख्खा व्हिडिओ आहे. प्रोबची काळी क्लिप आतून प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असते. मेनवर थेट चालणाऱ्या ब्रिजच्या मायनसला ती लावली की डायोडमधून शॉर्ट. आमच्या कॉलेजात यावरचा उपाय म्हणजे सीआरओच्या प्लगची अर्थिंगची पिनच तोडून टाकलेली. मग सीआरओची पत्र्याची बॉडी जिवंत! तुमच्याकडे पिना आहेत ना शाबूत?

व्हायवा मास्तर
आत्ताच लॅब असिस्टंटला फोन करून बघायला लावलं. दोन सीआरओंच्या नाहीत. माझ्या आधीपासून तशाच असतील, पण वीस वर्षांत मीही पाहिलं नाही. सोमवारी प्लग बदलून घेतो. तो व्हिडिओ पाठवा. त्याचं ते ऑस्ट्रेलियन इंग्रजी पोरांना कळायचं नाही, मध्ये थांबवून थांबवून मी मराठीत सांगेन.