उत्तर ध्रुवाची गाइडेड स्की मोहीम, मुंबईत राहून तयारी होते का?

पार्लेकरीण:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. विषय जरा अतरंगी आहे. पुढच्या एप्रिलमध्ये एका परदेशी कंपनीबरोबर उत्तर ध्रुवाला जायचं डोक्यात बसलंय. ८९ अंशाच्या आसपास बर्फावर नेऊन सोडतात आणि तिथून शेवटची एक डिग्री, म्हणजे नकाशावर साधारण १११ किमी, स्कीवरून जायचं, स्लेज आपली आपण ओढायची, तंबूही आपणच लावायचा. खाली जमीन नाहीच, गोठलेला समुद्र. वय ४४, सह्याद्रीत भरपूर भटकलेय, चादर ट्रेक (लडाखात गोठलेल्या झंस्कर नदीवरून चालतात तो) झालाय, हाफ मॅरेथॉन पळते, पण स्की पायाला लावलेली नाही (मॉलच्या स्नो पार्कात आपटले होते ते धरत नाही). कंपनी म्हणते नवशिके चालतील, फिटनेस हवा. आता डिपॉझिट मागतायत, ते परत मिळणार नाही, आणि आकडा असा आहे की नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. मुंबईत बसून याची तयारी खरंच होते का, चादरचा अनुभव कितपत कामाला येतो, पैसे भरायच्या आधी काय काय विचारून घेऊ? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "एवढ्या पैशात किती जणांचं भलं झालं असतं" वाल्यांनी दुसरा धागा बघावा, प्लीज.

फुकटचा_सल्ला:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. इथे एसी २२ वर गेला की आमच्याकडे शाली निघतात आणि तुम्ही उणे तीसमध्ये निघालात, साष्टांग दंडवत. नवऱ्याला आकडा सांगाल त्या दिवसाचा वृत्तांत मात्र हवाच.

कुडकुडकर:
ताई, ध्रुवावर मी गेलेलो नाही, स्वालबार्डला (नॉर्वेच्या उत्तरेची बेटं) गाइडबरोबर स्लेज ओढत स्की केलंय, गोठलेल्या फ्योर्डवरूनही, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीवरून, त्या जोरावर बोलतो.

आधी पैशाचं. ही शेवटच्या डिग्रीची सगळी गंमत वर्षानुवर्षं बार्नेओ नावाच्या रशियन कॅम्पवर चालायची. दर एप्रिलला तरंगत्या बर्फावर नवीन रनवे करायचा, लाँगयिअरब्येनहून, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावाहून, अँतोनोव्ह विमानं उतरवायची, पुढे हेलिकॉप्टरने माणसं सोडायची. रनवेला तडा गेला की नवीन होईपर्यंत सगळे खाली हॉटेलात बसून. २०१९ चा सीझन त्या विमानाच्या रशिया-युक्रेन भांडणात गेला, २०२० ला कोरोना, २०२२ पासून युद्ध, त्यामुळे स्वालबार्डमार्गे हा प्रकार जवळजवळ ठप्पच झाला. कॅनडाच्या बाजूने जमिनीपासून ध्रुवापर्यंत अख्खं अंतर तोडणाऱ्या मोहिमाही २०१४ नंतर बंदच पडल्यात, कारण तिकडे विमान उतरवायला कुणी तयार नाही. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच टाका की विमान कुणाचं, उडणार कुठून, आणि या वर्षी उडालं नाही तर माझ्या पैशाचं काय. "आमचा प्लॅन बी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, तो प्लॅन लेखी मागा, किती किमी, कुठे, किती परत. बऱ्याचदा प्लॅन बी म्हणजे स्पिट्सबर्गेनच्या (स्वालबार्डचं सगळ्यात मोठं बेट) हिमनद्यांवरून आणि पूर्व किनाऱ्यावरून स्की, तीही झकास ट्रिप आहे, पण ध्रुवाच्या भावात कशाला घ्यायची?

आता बर्फाचं. ही वाट १११ किमीची कागदावर. बर्फ वाऱ्याने आणि प्रवाहाने सरकत असतो, तुम्ही तंबूत घोरताय आणि जीपीएसवर आकडा मागे चाललाय असं होतंच होतं. विल्यम पॅरी १८२७ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेला होड्याच स्लेजसारख्या ओढत निघाला, ८२ अंश ४५ मिनिटांपर्यंत पोचला आणि मग कळलं की आपण उत्तरेला चालतोय आणि बर्फ आपल्याला दक्षिणेला नेतोय. आला परत. शिवाय मधे प्रेशर रिज, म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर चढून झालेली ठोकळ्यांची भिंत, स्की काढा, स्लेज दोघांनी उचला, पलीकडे उतरा. आणि लीड, म्हणजे फाटलेला समुद्र, वर पाणी किंवा काळपट पातळ बर्फ.

स्की शिकणं हा यातला सोपा भाग. उताराचं स्की नाही हे, टाच मोकळी, तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी पट्टी, लावलेली, चालल्यासारखंच असतं. अवघड काय असेल तर घाम. आपण मुंबईत घामाला घाम समजत नाही, तिथे ओढताना भिजलात की थांबल्या थांबल्या तो कपड्यात गोठतो आणि मग काही केल्या ऊब येत नाही. म्हणून निघताना थंडी वाजलीच पाहिजे, इतके कमी कपडे. तासभराने ब्रेक, आणि ब्रेकला आधी सगळ्याच्या वरून जाड डाऊन जॅकेट चढवायचं, मग खायचं, बाटलीबिटली नंतर. झोपताना सुद्धा अंगाची वाफ स्लीपिंग बॅगेत शिरून तिथे बर्फ होतो आणि बॅग रोज जड होत जाते, त्यासाठी बॅगेच्या आत अंगाची वाफ अडवणारी पिशवी घालून झोपतात, चिकचिकीत लागतं, सवय करा. मांड्यांवर वारा बसून फोड येतात, जखमा होतात, त्याकडे नवशिक्यांचं लक्ष नसतं, जाड शॉर्ट वरून घ्या. आणि स्टोव्हचं इंधन बोटांवर सांडू देऊ नका, ते उणे तीसलाही पातळच असतं, क्षणात फ्रॉस्टबाईट.

सह्यभटक्या:
वरचा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली). चादरचं मी सांगतो. थंडीत तंबूत झोपणं, सकाळी गोठलेले बूट, एवढं कामाला येईल. बर्फ मात्र वेगळा. झंस्करचा गोड्या पाण्याचा, तो कडक असतो आणि तुटतो तेव्हा कडकन तुटतो. समुद्राचं पाणी उणे १.८ च्या आसपास गोठतं, आत खाराचे कप्पे राहतात, त्यामुळे नवा खारा बर्फ रबरासारखा लवतो, स्कीखाली लाट गेल्यासारखं होतं आणि तरी तुम्ही पार जाता. गाइड काठीने ठोकून बघतो, एका फटक्यात आरपार गेली की दुसरी वाट. पडलात तर बाहेर येऊन कोरड्या बर्फात लोळायचं, तो पाणी शोषून घेतो, मग लगेच तंबू. चहासाठी बर्फ घेतानाही डोकं लागतं, नव्या बर्फावरचं भुसभुशीत घेतलंत तर चहा खारट, जुन्या रिजमधले निळसर ठोकळे घ्यायचे, त्यातला खार निथळून गेलेला असतो.

तयारी म्हणाल तर टायर. कमरेला हार्नेस, मागे गाडीचा जुना टायर, आणि जुहूला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत ओढायचा, जमलं की दोन टायर. पहाटे जा, नाहीतर येणारा जाणारा विचारतो "काय शूटिंग आहे का". पळणं कमी करा, हळू आणि तासन् तास ओढता आलं पाहिजे. स्कीसाठी गुलमर्ग किंवा औलीचा सरकारी कोर्स करा, ते उताराचंच शिकवतील पण पायाखाली फळी असण्याची भीती जाते. त्यानंतर नॉर्वेत हार्डांगरविद्दाच्या पठारावर एखादी छोटी गाइडेड ट्रिप, आणि हे डिपॉझिटच्या आधी, माझं तरी स्पष्ट मत. आठवडाभर तंबूत राहून अजूनही हौस उरली तर पुढचं.

भाऊचा_धक्का:
मी मासळीच्या धंद्यात आहे, ट्रेक वगैरे कधी केला नाही, पण एक सुचतंय. आमच्या तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे अठरा असतं. पोरं आत पंधरा वीस मिनिटं काम करतात आणि बाहेर येतात. ओळखीतून कुणी आत घेतलं तर तुमचे ते जाड ग्लोव्हज घालून चेन लावा, बक्कल लावा, बुटाची नाडी बांधा, बघा जमतं का. आमच्याकडे नवीन पोरगा पहिल्या दिवशी ग्लोव्ह काढून खोक्याची पट्टी सोडवायला जातो आणि लोखंडी ट्रॉलीला बोट चिकटतं, मग दुसऱ्या दिवसापासून ग्लोव्ह काढत नाही. एकटं आत जाऊ नका, दार बाहेरून बघायला माणूस ठेवा. वास येईल, तेवढं चालवून घ्या.

पार्लेकरीण:
अरे देवा, काय एकेक भन्नाट लोक आहात! @भाऊचा_धक्का दादा, कोल्ड स्टोरेज जबरी, व्यनि (खाजगी निरोप) करते. @कुडकुडकर, कंपनीला आजच मेल टाकला विमानाबद्दल. खाण्याचं सांगा ना, मी शाकाहारी, चिक्की आणि डिंकाचे लाडू नेऊ का? आणि अस्वलं?

कुडकुडकर:
न्या, पण घरीच सुपारीएवढे तुकडे करून. तिथे चिक्कीने दात पडेल आणि अख्खा लाडू दगड होतो, हातोडी कुठून आणणार. चॉकलेट, चीज, सुकामेवा सगळं आधीच कापलेलं, ग्लोव्हच्या हाताने तोंडात टाकता येईल असं. दिवसाला पाच हजार कॅलरीच्या आसपास लागतात, ओटमीलमध्ये साजूक तूप बिनधास्त घाला, गोरे लोक लोणी घालतातच. अस्वलांसाठी गाइडकडे फ्लेअर आणि बंदूक असते, कॅम्पभोवती तारेचा अलार्म, ध्रुवाजवळ ती क्वचित दिसतात, स्वालबार्डच्या किनाऱ्याला खरी भानगड, तिथे रात्री पाळीपाळीने पहारा करावा लागू शकतो, ते आधी विचारून घ्या.

फुकटचा_सल्ला:
गंमत पुरे, एक कामाचं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये ध्रुवावर पॅराशूटने उडी मारली होती, अजीत बजाज २००६ मध्ये स्कीवरून गेले. म्हणजे आपल्याकडून तिकडे जाणारे तुम्ही काही पहिल्या नाही, नवऱ्याला हेच सांगा.

कुडकुडकर:
आणि व्हिसा राहिला. स्वालबार्डला स्वतःला कुणालाच व्हिसा लागत नाही, पण विमान नॉर्वेवरून जातं म्हणजे शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) आलाच, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर मोडतं. तिकडे गेलात की बाहेर पडलात, परतताना पुन्हा एंट्री. सिंगल एंट्री घेऊन गेलात तर येताना ऑस्लोत अडकाल. फॉर्मवर डबल किंवा मल्टिपल टिक करा आणि इन्शुरन्समध्ये समुद्री बर्फावरून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च धरलाय का ते वाचा, आपल्याकडच्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत तो बहुतेक नसतो.