व्हिटमनवरचा लेख आयोवाच्या त्रैमासिकाला पाठवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंग्रजीत पीएच.डी. करतेय, विषय अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचं वर्तमानपत्री लेखन. आयोवा विद्यापीठातून निघणाऱ्या 'वॉल्ट व्हिटमन क्वार्टर्ली रिव्ह्यू'ला लेख पाठवायचा आहे. इथे कुणी तिथे किंवा अमेरिकन साहित्याच्या अशा दुसऱ्या जर्नलमध्ये लिहिलंय का?

तिथेच का, तर १८५८ मध्ये व्हिटमनने 'न्यूयॉर्क अ‍ॅटलस'मध्ये मोझ व्हेल्सर या टोपणनावाने पुरुषांच्या आरोग्यावर लेखमाला लिहिली होती. दीडशे वर्षं ती कुणाच्या गावी नव्हती. झॅकरी टर्पिन या संशोधक विद्यार्थ्याला ती सापडली आणि २०१६ मध्ये या त्रैमासिकाने सगळीच्या सगळी छापली. पुढच्या वर्षी त्यानेच शोधलेली १८५२ ची निनावी कादंबरीही. दोन्ही कुणालाही फुकट वाचता येतात. आमच्या ग्रंथालयातून परदेशी जर्नल्स उघडत नाहीत, त्यामुळे माझं निम्मं काम यांच्याच जुन्या अंकांवर चाललंय. या लेखमालेतली शरीराबद्दलची भाषा 'लीव्हज ऑफ ग्रास' या त्याच्या कवितासंग्रहाच्या १८६० च्या आवृत्तीतल्या नव्या कवितांपर्यंत कशी पोचली, हा माझा मुद्दा.

मुख्य अडचण संदर्भांची. उतारे मी बोस्टनच्या १८६० च्या आवृत्तीतून घेतलेत; व्हिटमन आर्काइव्ह या संकेतस्थळावर तिच्या पानांच्या प्रतिमा आहेत. गाइड म्हणतात, संकेतस्थळ चालणार नाही, हातातल्या पुस्तकाचा पृष्ठक्रमांक द्या. पण बाजारातल्या बहुतेक प्रतींत १८९१-९२ चा पाठ असतो. १८६० च्या आवृत्तीतल्या 'कॅलॅमस' या कवितांच्या गटातल्या तीन कविता व्हिटमनने १८६७ मध्ये वगळल्या, आणि माझा मुद्दा त्यातल्याच एकीवर उभा आहे! जर्नलला काय चालतं? आणि गाइडना कसं पटवू?

दुसरं, पूर्ण निबंध पाठवू की छोटं टिपण? तिथे दोन्ही छापतात. माझ्याकडे ऐवज टिपणाचा आहे, उगाच ताणायचा नाहीये.

तिसरं, परीक्षकांचं मत यायला साधारण किती महिने लागतात? यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधीच्या शोधनिबंधाची सक्ती काढली, तरी आमच्याकडे मागतातच. सीनियर सांगतात, पैसे भर, आठवड्यात छापून येईल. मला तसं करायचं नाही. या लेखावर मनापासून काम केलंय, तो व्हिटमन जाणणाऱ्या माणसाने वाचावा, नाकारला तरी चालेल.

पाठवण्याआधी कुणी मसुदा वाचून देणार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.