मदत हवी आहे : ट्रकचालकाच्या अभिमानाचे क्षण

नव्याने ट्रक चालवायला शिकणाऱ्यांसाठी मी एक टिपण लिहीत असून, या कामात खरे समाधान कुठे मिळते हे त्यात नेमकेपणाने यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लांब उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकून, ब्रेक तापू न देता भरलेली गाडी खाली आणणे, किंवा स्टिअरिंग उलट्या दिशेने वळवत, केवळ आरशांत पाहून ट्रेलर मागे घेत माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला सरळ लावणे, यांचा मला सर्वाधिक अभिमान वाटतो. ताडपत्री सोडल्यावर माल जसाच्या तसा निघाला की शीणही उतरतो. मात्र हे सारे कौशल्याचेच झाले, आणि तेवढ्याने टिपण अपुरे राहील. रस्त्यात अडलेल्या अनोळखी चालकाला केलेल्या मदतीसारखे आपले अनुभव अनुभवी चालकांनी कृपया सविस्तर कळवावेत.