मदत हवी आहे: व्हॅक्युम तोफेचा पल्ला गणिताच्या पाव भागच येतोय

कृष्णाकाठ_सांगली:
शुक्रवारी विज्ञान प्रदर्शन आहे. व्हॅक्युम क्लीनरवर चालणारी तोफ तयार आहे. वेग सेकंदाला २० मीटर मिळतो, म्हणजे ४५ अंशांत ४० मीटर जायला हवं. जातंय जेमतेम १०. सांधे टेपने बंद केले, तरी तेच. गळती कुठे असेल? लवकर सांगा.

मिरज_लेथ:
उडवताय काय? नळी किती लांब, आतला व्यास किती? शेतीचा ५० मिमीचा पातळ पाइप आतून ४६ च्या आसपास भरतो. त्यात ४० मिमीचा चेंडू घातला तर जवळजवळ पाव भाग हवा बाजूने निसटते. प्लंबिंगचा दीड इंची शेड्यूल ४० (जाडीचा वर्ग) पाइप घ्या, आतून साधारण ४१. नळी उभी धरली की चेंडू स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा, अडकला तर तो तुकडा बाद. टी, म्हणजे क्लीनर जोडायचा तीन तोंडांचा सांधा, नळीच्या तोंडाजवळ बसवा. तोंडावर पोस्टकार्ड नुसतं टेकवा, ओढीनेच बसतं. चिकटवलं की चेंडूचा वेग तिथेच मरतो.

रांगडा_वाळवा:
क्लीनरचा खटाटोप कशाला? कार्बाइडची गन करा, बार कसला निघतो!

तासगाव_बाग:
त्याने द्राक्षबागेतली पाखरं उठतील का? मणी भरायला लागलेत.

मास्तर_इस्लामपूर:
कार्बाइड मुलांसमोर अजिबात नको. त्यावर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो, आणि हवेत तो अडीच टक्के झाला तरी पेट घेतो. बार झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं आणि नेमका तेव्हाच होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना याच गनने इजा झाली. बागेला जाळी लावा, आवाजाला पाखरं चार दिवसांत सरावतात.
कृष्णाकाठ, चेंडू कसला ते अजून कळलं नाही.

कृष्णाकाठ_सांगली:
टेबल टेनिसचा, दुसरा कुठला असणार? नळी दीड मीटर, दीड इंचीच. वेग मोबाइलवर २४० फ्रेमने मोजला.

मास्तर_इस्लामपूर:
मग तोफ ठीक आहे, सूत्र चुकीचं लावलंय. ४० मीटरचा हिशेब हवा नसताना खरा. चेंडू २.७ ग्रॅमचा. नुसता वरून सोडला तरी त्याचा वेग सेकंदाला साडेआठ मीटरच्या वर जात नाही. २० च्या वेगाला हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त असतो. साधारण सव्वापाच मीटर कापले की वेग निम्मा. हे धरून टप्प्याटप्प्याने गणित केलं की पल्ला १० मीटरच येतो.

मिरज_लेथ:
सर, गळती आहेच. क्लीनरची ओढ २० किलोपास्कल धरली तर दीड मीटरच्या नळीतून १६० च्या वर वेग निघायला हवा. २० कुठे, १६० कुठे!

मास्तर_इस्लामपूर:
ती ओढ हवा वाहत नसतानाची. चेंडू सुटला की त्याच्या पुढची हवा क्लीनरलाच बाहेर काढायची असते. सेकंदाला ३० लिटर ओढणारा क्लीनर असेल तर १३ चौरस सेंटिमीटरच्या नळीत तो वेग २३ मीटर होतो. त्यामुळे नळी लांब करूनही फारसा फायदा नाही.

ध्वनी_विश्रामबाग:
वेग कुठे मोजलात? २४० फ्रेमला चेंडू दर फ्रेमला ८ सेंटिमीटर सरकतो, कडा पुसट येते. तोंडापासून अर्ध्या मीटरवर पत्रा उभा करा, मोबाइल दोन्हींपासून सारख्या अंतरावर ठेवा आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोंडाचा आणि पत्र्याचा अशा दोन आवाजांमधला वेळ वाचा. आवाजाच्या प्रवासाची दुरुस्ती लागत नाही. पत्रा २ मीटरवर नेलात तर तिथवर पाव भाग वेग गेलेला असतो.

कृष्णाकाठ_सांगली:
परीक्षकांना हे दाखवायचं कसं? नुसती आकडेमोड कोण बघणार?

मास्तर_इस्लामपूर:
दुसऱ्या चेंडूत सुईने पाणी पूर्ण भरा, भोक फेविक्विकने बंद करा. अर्धवट भरलेलं पाणी डुचमळतं. आकार तोच, वजन साधारण ३४ ग्रॅम. तो तोफेतून हळूच निघेल, पण त्याचा पल्ला सूत्राच्या बराच जवळ येईल. दोघांचा वेग आणि पल्ला एकाच तक्त्यात लावा. भरलेला चेंडू अंगावर बसला तर इजा होते, म्हणून समोर जाड चादर टांगा आणि चष्मे घाला.

मिरज_लेथ:
कोन ४५ ठेवू नका. हलक्या चेंडूला ३५ ते ४० च्या दरम्यान जास्त पल्ला मिळतो, दोन-दोन अंशांनी बदलून बघा. आणि क्लीनर सलग दाबून ठेवू नका, तोंड बंद असताना मोटर तापते.